सव्वा सेकंद

त्या शनिवारी दुपारी मारिट वडिलांच्या जुन्या पिकअपमध्ये, त्यांच्या शेजारी बसून ओस्टबी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघत होती. पस्तीस वर्षं संघाचे कोच राहून निवृत्त झालेल्या माणसाला कॉलेजनं मधोमध, छपराखाली, नाव कोरलेली खुर्ची दिली होती. तिचे वडील व्हर्लिन टॉस्टरूड त्या खुर्चीत एकदाच बसले. "तिथून खेळ आडवा दिसतो, मला फटी दिसायला हव्यात," म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यापासून मैदानाच्या उत्तरेच्या उंचवट्यावर, गोलखांबांच्या मागे पिकअप लावू लागले. त्याला बारा वर्षं झाली. थर्मासमध्ये कॉफी, मांडीवर घोंगडी, आणि खिडकीची काच कितीही थंडी असली तरी चार बोटं खाली, म्हणजे खांद्याला खांदा आदळल्याचा आवाज आत येतो.

मारिट महिन्यातून एकदा दुलुथ शहराहून यायची. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात ती गेली वीस वर्षं नोकरीला होती. चार तासांचा रस्ता. सामना चुकवायचा नाही, एवढी एकच अट तिच्या येण्याला होती, आणि ती कुणी कधी बोलून दाखवली नव्हती.

"बघ, बघ, तो कडेचा बघ," बाबा म्हणाले. त्यांचं बोट काचेवर टेकलं होतं. "आत्ता फसणार."

तो फसला. फुटबॉलमध्ये समोरच्या प्रत्येकाला अडवायला आपला एकेक गडी नेमायचा ही जगाची रीत. व्हर्लिननी जन्मभर उलटं केलं. समोरचा एक कडेचा गडी ते मुद्दाम मोकळा सोडत. त्याच्या अंगाला कुणी हातही लावायचा नाही. चेंडू पहिल्यांदा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या गड्याच्या, हातात येतो. त्यानं फक्त त्या मोकळ्याकडे बघायचं. मोकळा मधल्या पळणाऱ्यावर धावून गेला, तर चेंडू स्वतःजवळ ठेवून बाहेरून निघून जायचं. तो जागा धरून राहिला, तर मधल्याला चेंडू देऊन टाकायचा. त्यानं काहीही केलं तरी तो चुकणारच. "त्याला आपण अडवत नाही," व्हर्लिन पोरांना सांगायचे, "त्याला ठरवू देतो."

एवढ्या एका डावावर त्यांनी दोनशे एक्केचाळीस सामने जिंकले. आता तोच डाव जेरॉड फेन्स्के खेळवत होता. जेरॉड एके काळी त्यांचाच क्वार्टरबॅक, आता पस्तिशीतला कोच. तीन वर्षांत तो दोनच सामने हरला होता.

सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागाच्या सुरुवातीला खिडकीवर टकटक झाली. लीलंड ब्रेक्के, धान्याच्या कोठाराचा जुना मॅनेजर, कानटोपी सारखी करत उभा होता.

"काय कोच, पोरगं तुमचाच डाव तुमच्याहून बरा खेळवतंय म्हणतात लोक."

"लोक म्हणतात की तू म्हणतोस?"

"मीही लोकांतच मोडतो की." लीलंडनं काचेच्या फटीतून आत बघितलं. "मारिट, कॉफी उरलीय का गं? नसेल तर नसू दे, बापाची कॉफी म्हणजे गरम पाणीच. एक्केचाळीस-दहा! पण समोर आहे कोण? दंतवैद्यांची पोरं. वासरांत लंगडी गाय शहाणी. हाच डाव वरच्या श्रेणीत नेऊन दाखवा म्हणावं. तिथले कडेचे गडी हरणं असतात, हरणं."

"लीलंड, तीस वर्षं झाली. दर शनिवारी तू हेच बोलतोस."

"आणि तीस वर्षं खरंच ठरतंय ना! साक्षीदार तर तुमच्या शेजारी बसलीय. काय गं, किती सेकंद होते ते?"

मारिट हसली. या प्रश्नाला हसायचं एक हसू तिनं तयार करून ठेवलं होतं.

"सव्वा," बाबाच म्हणाले. "सव्वा सेकंद. आता हो बाजूला, तुझ्या टोपीनं अर्धं मैदान झाकलंय."

ओस्टबीत ही गोष्ट ठाऊक नाही असं माणूस नव्हतं. बक्षीससमारंभात, लग्नाच्या पंगतीत, मर्नाच्या हॉटेलातल्या सकाळच्या टेबलावर व्हर्लिन ती सांगत. नवे प्राध्यापक गावात आले की त्यांना पहिल्या महिन्यात ती ऐकायला मिळे. एकोणनव्वद सालच्या जानेवारीत एका मोठ्या विद्यापीठानं व्हर्लिनना बोलावणं धाडलं. गेल्या वर्षाच्या सामन्यांच्या टेपा पाठवल्या: आमचा संघ बघा, ज्यांच्याशी तो खेळतो ते संघ बघा, आणि तुमचा डाव इथं चालेल का सांगा. व्हर्लिनचा हिशेब साधा होता. मोकळा गडी आधी आत झेपावतो, मग चूक कळून बाहेर वळतो. वळून परत यायला त्याला दीड सेकंद लागत असेल, तर क्वार्टरबॅक त्याच्या पुढून निघून जातो. सव्वा सेकंदात परतत असेल तर तो एकटाच दोघांची कामं करतो, आणि डाव मेला. पाव सेकंदाचा मामला. लहान कॉलेजांतला मोकळा गडी गव्हाच्या शेतातून आलेला असतो. मोठ्यांतला कुठून येतो, ते मोजल्याशिवाय कसं कळणार?

"मी मोजलं तर मला हवं तेच दिसेल," गोष्टीत व्हर्लिन इथे थांबत आणि ऐकणाऱ्यांकडे बघत. "म्हणून मी घड्याळ मारिटच्या हातात दिलं. सोळा वर्षांची होती. तिचा त्यात काही स्वार्थ नव्हता. चाळीस वेळा मोजलं तिनं. एक नाही, दोन नाही, चाळीस! आणि वर येऊन म्हणाली, बाबा, सव्वा."

मग त्यांनी फोन उचलून नकार कळवला. त्यांच्याऐवजी गेलेला माणूस तीन वर्षांत अकरा सामने जिंकला, बावीस हरला, आणि एका डिसेंबरात त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून गोष्टीला शेवटही मिळाला. "मुलगी असावी तर अशी," म्हणत व्हर्लिन टेबलावर थाप मारायचे आणि सगळे मारिटकडे वळून बघायचे.

तळघरात काय झालं ते मारिटला त्या गोष्टीहून वेगळं आठवत होतं.

रविवार होता. चर्च झालं होतं, जेवण झालं होतं, वर आई भांडी विसळत होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर रविवारी दुपारी बाप-लेक तळघरात बसत. पडद्यावर कालचा सामना, ती स्टॉपवॉच घेऊन, ते खुर्ची उलटी करून. पुढे-मागे, पुढे-मागे. ते विचारायचे, ती आकडा सांगायची. इतर मुलींचे वडील त्यांच्याशी काय बोलत असतील ते तिला ठाऊक नव्हतं; तिचे वडील तिच्याशी हे बोलत. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ते पोरांचे, गावाचे, कॉलेजचे होते.

त्या रविवारी ते वर होते. ती एकटी. तिनं खरंच चाळीस वेळा मोजलं, काहीही खोटं न करता, प्रत्येक आकडा पेन्सिलीनं मांडून. पंचविसाव्याला तिच्या लक्षात आलं होतं की आकडा कुठं चाललाय. मोठ्या संघांचे गडी जलद होते खरे, पण जलद असल्यामुळे ते जास्त आवेशानं आत झेपावत आणि वळायला त्यांना जास्त वेळ लागे. सरासरी निघाली ती दीडच्याही किंचित वर. डाव तिथं चालला असता. निदान घड्याळाला तरी तसं वाटत होतं.

टेपांबरोबर विद्यापीठाची एक पुस्तिकाही आली होती. तिच्यात फुटबॉल विभागाच्या माणसांचे फोटो होते. सामन्यांच्या टेपा बघणारी, मोजणारी, मांडणारी अशी सहा माणसं, सगळी टाय लावून एका लांब टेबलामागे बसलेली. मारिटनं ते पान बराच वेळ बघितलं. मग जिना चढून वर गेली.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं. "सांग."

"सव्वा," ती म्हणाली.

त्यांनी कागद मागितलाच नाही. तिचा कागद त्यांनी कधीच मागितला नव्हता. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, "बरं," म्हणाले, आणि अंगणातला बर्फ काढायला बाहेर गेले. खिडकीतून ती बघत होती. ते शीळ घालत होते. त्यावरून तिनं स्वतःची समजूत घातली की त्यांना हायसं वाटलंय. रात्री सांगू, उद्या सांगू, फोन करायच्या आत सांगू, असं करता करता सोमवारी सकाळी साडेआठला त्यांनी फोन केला.

ज्याच्यासाठी तिनं हे केलं, ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकलं. अकरा रविवार. त्यानंतर ती शिकायला आयोवाला गेली, पुस्तकांत रमली, आणि ओस्टबीच्या तळघरात टेपा बघायला व्हिडिओचं नवं यंत्र आणि एक पगारी मदतनीस आला.

सामना संपला. पोरं एकमेकांच्या पाठीवर उड्या मारत होती. उंचवट्याची वाट चढून जेरॉड फेन्स्के आला, धापा टाकत, गळ्यात शिट्टी, नाक थंडीनं लाल. मारिटला बघून तो घुटमळला.

"बोल, ती घरचीच आहे," बाबा म्हणाले.

"फोन आला होता, कोच."

"तेच विद्यापीठ का?"

"ते नाही. पण त्याच मापाचं." जेरॉडनं हातमोजा काढला आणि पुन्हा घातला. "त्यांचा कोच हंगाम संपला की जातोय. शुक्रवारपर्यंत मला रस आहे की नाही एवढंच सांगायचंय. एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारणार नाहीत."

"तुला काय वाटतं?"

"रोज वेगळं वाटतं. जिंकलं की वाटतं, का नाही चालणार? मग रात्रभर त्यांचे सामने बघतो आणि वाटतं, इथं चाललं म्हणून तिथं चालेलच कशावरून? घरी दोन लेकरं आहेत, केली म्हणते तू जिथं म्हणशील तिथं. तुम्ही कसं ठरवलंत?"

"तुला ठाऊक आहे ते."

"पुन्हा सांगा."

आणि बाबांनी पुन्हा सांगितलं, सबंध गोष्ट, घड्याळापासून बर्फापर्यंत. मारिट समोरच्या गोलखांबांकडे बघत बसली.

"माझ्याकडे अशी मारिट नाही, कोच," जेरॉड म्हणाला.

"मग माझीच घे. आकडा तोच आहे. तीस वर्षांत माणसांचे पाय काही जड झाले नाहीत, हलकेच झालेत. तेव्हा सव्वा होता, तर आता काय असेल? तूच धर हिशेब."

जेरॉडनं मान डोलावली. त्यानं मारिटकडे बघून टोपीला हात लावला, जणू तिनं त्याच्यावर उपकार केले होते, आणि तो उतार उतरून गेला.

मैदान रिकामं होत होतं. बाबांनी थर्मासचं झाकण फिरवलं, उघडलं, आत काही नव्हतं, पुन्हा लावलं.

"मारिट."

"हं."

"कधी कधी वाटतं, सव्वा तर सव्वा. जाऊन बघायला हवं होतं. हरलो असतो. पण हरलो असतो हे माझं मला कळलं असतं."

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदा म्हणत होते.

"मग जेरॉडला का नाही सांगितलंत तसं?"

"त्याला कसं सांगू? माझ्या शब्दावर गेला आणि तोंडघशी पडला तर? वाटण्याचं काय, म्हाताऱ्याला हजार गोष्टी वाटतात." त्यांनी किल्ली फिरवली. "आकडा कुणाला फसवत नाही."

हाच तो क्षण होता. गाडी सुरू होती, आजूबाजूला कुणी नव्हतं, त्यांनी स्वतःच बोलायला दार उघडून धरलं होतं. मारिटनं तोंड उघडलं.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली. "काच वर करू?"

रात्री जेवायला आईनं जंगली तांदळाचं सूप केलं होतं. बाबांनी दोनदा घेतलं, आईला म्हणाले मीठ कमी पडलंय, आई म्हणाली डॉक्टरला सांगा. ते दोघं झोपायला गेल्यावरही बराच वेळ त्यांच्या बोलण्याचा आवाज भिंतीतून येत होता. सकाळी चर्चला निघायच्या आधी मागच्या दारातल्या बाकावर बसून बाबा बूट घालत होते. एक घातला होता. दुसरा हातात होता. आईनं हाक मारली, "व्हर्लिन, उशीर होतोय," आणि उत्तर आलं नाही.

पुढचे तीन दिवस घरात माणसं येत राहिली. कुणी हात हलवत येत नव्हतं. झाकण लावलेलं, चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेलं भांडं घेऊन येत, ते ओट्यावर ठेवत, "मोठा माणूस होता" म्हणत आणि हवापाण्याचं बोलून निघून जात. ओस्टबीत दुःखाला फार शब्द लागत नाहीत. मारिट भांड्यांची यादी करत होती, फोन घेत होती, चर्चला गाणी कळवत होती. ती रडली नव्हती. रडायचा हक्क आपल्याला आहे का, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

बुधवारी दुपारी आई पलंगावर बाबांचे शर्ट पसरून बसली होती. आर्डेल टॉस्टरूड शहात्तर वर्षांच्या होत्या. आयुष्यात त्यांनी गावातल्या एकाही माणसाबद्दल कुणाला वाईट बोलू दिलं नव्हतं आणि स्वतःही फारसं काही बोलल्या नव्हत्या.

"पाद्रीबाबा विचारत होते," आई म्हणाली, "पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात लोक दोन शब्द बोलतील, तर ती घड्याळाची गोष्ट तू सांगशील का. लोकांना तुझ्याच तोंडून ऐकायचीय. यांनाही आवडलं असतं."

"मला नाही जमणार."

"बरं, मग जेरॉड बोलेल." आईनं एका शर्टाची कॉलर सरळ केली. "मी बाई त्या गोष्टीला कधी हसू शकले नाही."

मारिटनं वर बघितलं. "का?"

"तुला कुठं ठाऊक असणार? ते बोलावणं आलं ना, तेव्हा मी एक दिवस एकटीच गाडी घेऊन गेले होते तिकडे. यांना सांगितलं, मावशीकडे चाललेय. गाव बघितलं. एक घर भाड्यानं होतं, तेही बघितलं. नदीच्या काठी होतं. खिडक्यांची मापं घेऊन आले, पडद्यांसाठी." आई ओशाळल्यासारखी हसली. "तिथं संगीताची शाळा होती मोठी. मला पुन्हा पियानो शिकवता आला असता. इथं कोण शिकतंय? पण तू आलीस वर आणि सव्वा म्हणालीस. घड्याळापुढं माझ्या पडद्यांचं काय चालणार? मी मापांचा कागद चुलीत टाकला."

"तू कधी बोलली नाहीस, आई."

"कशाला बोलायचं? तू खरं तेच सांगितलंस. खरं सांगितल्याबद्दल कुणाला दोष देतं का कुणी?"

मारिट उठून खिडकीशी गेली. आधी तिला वाटायचं, आपण एका माणसाचं एक वर्ष चोरलं. मग वाटू लागलं, त्याचं आयुष्य. आता कळत होतं, त्या दिवशी जिन्याच्या वर तिच्या आकड्याची वाट बघत दोन माणसं होती. ती स्वतःला इतके दिवस एक गोष्ट सांगत आली होती, अगदी वडिलांसारखीच, न कंटाळता: एक आकडा म्हणजे काही सगळं नव्हे. तिथं बाबांना हवी तशी पोरं मिळाली नसती. कदाचित तेही अकरा जिंकून बावीस हरले असते आणि एका डिसेंबरात तोंड लपवून परत आले असते. हे सगळं खरंच असेल. पण आता ते कुणालाच कळणार नव्हतं. न कळण्याची सोय तिनंच करून ठेवली होती.

गुरुवारी ते त्यांना पुरून आले. वारा इतका होता की पाद्रीबाबांची अर्धी वाक्यं शेजारच्या मक्यात गेली. मग सगळे चर्चच्या तळघरात उतरले. लांब टेबलं, त्यांवर पांढरा कागद, हॅम घातलेले गोल पाव, ओट-चॉकलेटच्या वड्या, मोठ्या पिंपातली कॉफी. जुने खेळाडू आले होते, काहींचे केस पांढरे, काहींच्या गुडघ्यांना पट्टे. लीलंड कोपऱ्यात एकटा बसला होता, समोरचा पाव तसाच.

"आता शनिवारी मी कुणाला पिडू?" मारिट शेजारून जाताना तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि टोपी चेहऱ्यासमोर धरली.

लोक बोलले. कोचनी कुणाला अभ्यासासाठी संघाबाहेर बसवलं होतं, कुणाच्या वडिलांच्या आजारपणात शेताची पेरणी करायला सबंध संघ नेला होता. हशा झाला, नाकं पुसली गेली. शेवटी जेरॉड उठला. त्याचा काळा कोट त्याला खांद्यांत घट्ट होत होता.

"कोचशी माझं शेवटचं बोलणं शनिवारी झालं," तो म्हणाला. "लपवून ठेवणार नाही, इथं सगळी आपलीच माणसं आहेत. मला एका मोठ्या ठिकाणाहून बोलावणं आलंय."

तळघरात कुजबुज उठली. कुणी तरी कप खाली ठेवला.

"मी त्यांना विचारायला गेलो. त्यांनी मला काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल." लोक हसू लागले, ओल्या डोळ्यांनी, माना मारिटकडे वळल्या. जेरॉडनं गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, बाबांसारखाच मधे थांबत. चाळीस वेळा, एक नाही, दोन नाही. "आणि वर येऊन म्हणाली, बाबा, सव्वा!"

टाळ्या पडल्या. चर्चच्या तळघरात टाळ्या वाजवत नाहीत, तरी पडल्या.

"मग कोच म्हणाले, माझी मारिट घे. तेव्हा सव्वा होता तर आता काय असेल, हिशेब तूच धर. मी धरला." जेरॉडनं घसा खाकरला. "उद्या शुक्रवार. सकाळी मी त्यांना फोन करून नकार कळवणार आहे. मी इथंच राहतोय. आपण इथं चांगले आहोत, आणि आपण इथंच चांगले आहोत हे ओळखायला जो मोठेपणा लागतो, तो मला त्यांनी शिकवला. त्यांनी आणि मारिटनं."

पुन्हा टाळ्या. कुणी तरी "शाब्बास पोरा" म्हणालं. मागच्या टेबलाशी जेरॉडची बायको केली धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, पण तिची नजर खाली, कागदावरच्या कॉफीच्या डागाकडे होती. तसा चेहरा मारिटनं काल पलंगावर पसरलेल्या शर्टांपुढे बघितला होता.

जेरॉड बसायला वळला. आता बसला की संपलं. उद्या सकाळी फोन होईल, दुपारपर्यंत गाव सुखावेल, आणि गोष्टीला आणखी एक शेवट जोडला जाईल. मारिटच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत. लोकांना वाटलं ती आभार मानणार. आईनंही वर बघितलं, दोन्ही हात कपाभोवती.

"जेरॉड, थांब," ती म्हणाली. "फोन करू नकोस. म्हणजे कर, तुला वाटेल ते सांग, पण माझ्या आकड्यावर सांगू नकोस."

"मारिट?" पाद्रीबाबा अर्धवट उठले.

ती आईकडे बघून बोलली.

"मी चाळीस वेळा मोजलं, तेवढं खरं आहे. सव्वा नव्हता आला. दीडच्या वर आला होता. डाव तिथं चालला असता असं घड्याळ सांगत होतं, आणि मी वर जाऊन बाबांना खोटं सांगितलं. तिथं त्यांच्याकडे मोजायला सहा माणसं होती. मला वाटलं, मग माझं काय काम उरणार? मला ते रविवार हवे होते. एवढंच कारण होतं, आई. तीस वर्षं ते ही गोष्ट सांगत राहिले आणि मी शेजारी बसून हसत राहिले. शनिवारी गाडीतसुद्धा मी त्यांना सांगितलं नाही. बाबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं."